मंत्र्यांची पाच बोटं

इजिप्तमध्ये अस्वानचं धरण बांधताना नबराच्या नवऱ्याचा अंगठा एका कोऱ्या कागदावर उठवून घेतला होता. त्यावर काय लिहिलं ते मागाहून कळलं. नाईलकाठच्या नुबी लोकांनी गाव राजीखुशीनं सोडलं म्हणे! गाव गेलं पाण्याखाली आणि माणसं रेतीत, सिमेंटच्या खुराड्यांत. नवरा गेला. नबरा मात्र पंचेचाळीस वर्षं एकच अर्ज घेऊन फिरत होती: धरणाच्या तलावाकाठची जमीन द्या, आम्ही परत जातो.

आज मंत्री येणार होते. 'नुबी महोत्सव' होता, म्हणून नुबी लोकांना दोरीपलीकडे उन्हात उभं केलं होतं.

"साहेब, मला स्टेजवर सोडा. अर्ज मंत्र्यांच्या हातात द्यायचाय," नबरा म्हणाली.

उत्सवाचे साहेब वगदी बे यांनी यादी चाळली. "हज्जा, आजीबाई, तुमचं नाव नाही. आजचे नुबी कैरोहून आलेत."

आजचे नुबी मांडवात बसून एकमेकांच्या तोंडाला बूटपॉलिश फासत होते.

"हे आम्ही होय?"

"खरी माणसं फोटोत उठून दिसत नाहीत हो."

"आमची माणसं तुमच्या कैरोत जन्मभर दारवान म्हणून उभी होती, तेव्हा बरी दिसायची! बरबरी, रानटी म्हणून हाक मारायला काळोखातही सापडायची!"

एवढ्यात मंत्र्यांना खजुराची टोपली देणारी नटी उन्हानं धाडकन आडवी झाली. वगदी बे धावत आले. "हज्जा, टोपली तुम्ही द्या! फक्त तोंड रंगवावं लागेल."

"अरे, मी काळीच आहे की!"

"पोस्टरशी जुळत नाही."

अर्जासाठी नबरानं तोंड पुढे केलं. "लाव बाबा. देवानं हात आखडता घेतला, तू भरपाई कर."

स्टेजवर पॉलिश वितळून हनुवटीवरून ठिबकायला लागलं. पांढऱ्या सुटातल्या मंत्र्यांनी फोटोसाठी तिला मिठी मारली, गालाला गाल लावला, आणि अर्धे काळे होऊन सुटले. दोरीपलीकडे हशा पिकला. मंत्र्यांनी गाल चोळला, पंजा काळा झाला. "रुमाल! रुमाल!" रुमाल येईना, तेव्हा त्यांनी नबराच्या हातातला अर्जच ओढला, त्यावर पंजा दाबून पुसला आणि फेकून दिला.

तोंड धुवायला खास पाहुण्यांच्या तंबूकडे निघाले, तर दारावरच्या शिपायानं काठी आडवी घातली. "यादीत नाव आहे का?"

"गाढवा, मी मंत्री आहे!"

"सकाळपासून असं सांगणारे तुम्ही तिसरे. चला, दोरीमागं!"

नबरानं कागद उचलला. तिच्या मजकुराखाली पाच बोटं उमटली होती, रेघ न् रेघ मोजावी अशी.

दुसऱ्या दिवशी तिनं तो जमीन कचेरीत कारकुनापुढं ठेवला.

"हज्जा, ही सही नाही. घाण आहे."

"मंत्र्यांच्या हाताला घाण म्हणतोस? तसं लिहून दे."

कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"हात त्यांचाच कशावरून?"

नबरानं पेपर उलगडला. पहिल्याच पानावर मंत्री, पंजा आणि अर्ज. "माझ्या नवऱ्याच्या एका अंगठ्यावर गाव उठवलंत. ही तर पाच आहेत, तीही चारचौघांत."

कारकुनानं घाम पुसला, इकडंतिकडं बघितलं आणि शिक्का मारून आवक नंबर टाकला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

नबरा उठली नाही. तिनं स्टूल जवळ ओढलं.

"आता आमच्या ह्यांच्या अंगठ्याचा कागद काढ. दोन्ही शेजारी ठेवू. राजीखुशीनं कुणी दिलंय, बघू तरी."