नवीकोरी पट्टी

भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना कमळूचा पाय निखाऱ्यावर पडला, पण साखरेच्या आजाराने तळपाय कधीचे बधिर झालेले, त्याला कळलंसुद्धा नाही. जखम काही केल्या भरेना. शेवटी मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी पायाला विजेवर चालणारी एक पट्टी बांधली. तिच्यातून बारीकसा करंट जातो आणि कातडी भरून येते, असं त्यांनी नीट समजावलं. निघताना बजावलं, "महागाची वस्तू आहे, जपा."

टोकावड्याच्या एसटीत बसल्यापासून रंगूने, कमळूच्या बायकोने, ते मनावर घेतलं. चिखल दिसला की नव्या चपला काढून हातात घेणारी माणसं ही! पावसात आवणी, म्हणजे भाताची लावणी लागली, कमळू शेतात उतरायला निघाला, तशी तिने बांधावरच पट्टी सोडवली, पदराने पुसली आणि जखमेला जुनं फडकं गुंडाळलं. घरात धूर, उंदीर. म्हणून पट्टी पिशवीत घालून भाताच्या कणगीत खोल पुरली. आवणी सोडून दवाखान्यात जायला सवड कुणाला होती?

आवणी उरकली तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावाच लागला.

दवाखान्यात रंगूने पिशवीतून पट्टी काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. बाईंनी बटण दाबलं. हिरवा दिवा लगेच लागला.

"बिघडली नाय ना गो?" खाटेवरून कमळूने विचारलं.

"नाय, नवीकोरी हाय."

बाई पट्टीकडे बघतच राहिल्या. "ही पायाला परत बांधलीच नाही?"

"चिखलात कशी बांधू, बाई?" रंगू म्हणाली. "तुमीच बोललात ना, जपा."