सहावा आकडा

तिच्या गणिती मॉडेलमध्ये पाच आकडे होते आणि त्या पाच आकड्यांपायी तिची साडेतीन वर्षं गेली होती.

काम सांगायला सोपं होतं. केसातली पिन थोडी वाकवून सोडली तर ती परत सरळ होते. जरा जास्त वाकवली की वाकलेलीच राहते. हे कायमचं वाकणं नेमकं कुठे सुरू होतं, आणि एकदा ओढून लांबवलेल्या धातूला उलट दाबलं तर तो आधीपेक्षा किती लवकर नमतो, हे गणिताने आधीच सांगता यावं, असा तिचा खटाटोप होता. वरच्या मजल्यावर तिचा कॉम्प्युटर एक आलेख काढायचा आणि तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतलं मशीन दुसरा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या की तिला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

तळमजल्यावरचं ते मशीन ताणकाकांच्या ताब्यात होतं. दोन माणसांच्या उंचीचं, वर एक जबडा, खाली एक जबडा, मध्ये धातूचा नमुना धरायचा आणि ओढायचा किंवा दाबायचा. एकतीस वर्षं काका हेच करत होते. सगळ्या इमारतीत त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. "मी ताण देतो, घेत नाही," असं ते नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकवायचे आणि स्वतःच हसायचे. तिला ते आकडेबाई म्हणत. तिचे नमुने म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या, बोटभर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मध्ये बारीक नि टोकांना रुंद, डमरूसारख्या. कपड्यात गुंडाळून आणलेल्या त्या पट्ट्या ती त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि काका म्हणायचे, "आणलीस का लेकरं? ठेव. जिवंत परत मिळायची नाहीत."

पहिली अडीच वर्षं रेघा जुळत गेल्या. मग बिनसायला लागलं.

आधी एखाद्याच नमुन्याचं. मग तीनातल्या एकाचं. ओढतानाचा आलेख मॉडेलवर अगदी चपखल बसायचा, पण दाबायला लागलं की धातू तिच्या गणितापेक्षा कितीतरी आधी नमायचा. तिने समीकरणं तपासली, प्रोग्राम तपासला, ॲल्युमिनियम कुठल्या गठ्ठ्यातलं ते तपासलं. तीन महिने गेले. प्रबंध द्यायची तारीख डोक्यावर आली होती.

तिचे मार्गदर्शक सर तिचे आलेख बघून म्हणाले, "एक आकडा वाढव. धातूला एका बाजूची आठवण जास्त राहते असं धर. सहावा आकडा टाकलास की जुळेल."

आणि जुळलं. म्हणजे इतकं जुळलं की सर खुर्चीतून उठले. "हा छापायजोगा पेपर आहे," ते म्हणाले. "लिहायला घे."

तिने लिहायला घेतला, पण मन त्यात लागेना. पाच आकडे काय आहेत ते तिला ठाऊक होतं. प्रत्येकाचं काम, प्रत्येकाची खोड. हा सहावा मात्र आगंतुक पाहुण्यासारखा येऊन बसला होता आणि कुणाचा कोण ते विचारायची सोय नव्हती.

म्हणून एका सकाळी तिने एका नमुन्याच्या दोन्ही कडांना स्ट्रेन गेज चिकटवले. नखाएवढ्या त्या पट्ट्या धातू त्या जागी किती ताणला वा दबला ते सांगतात. काकांनी नमुना जबड्यात बसवला, मशीन सुरू केलं. डाव्या कडेचा आकडा उजवीपेक्षा पावपटीने जास्त आला. म्हणजे नमुना सरळ दबत नव्हता. तिरका बसलेला होता आणि दाबताना चक्क वाकत होता. ओढताना हे कळत नाही. तिरकी पट्टी ओढली की आपोआप सरळ होते. कळतं ते दाबताना. आणि अख्ख्या इमारतीत दाबायचे प्रयोग करणारी ती एकटीच होती.

काका आत चहा गाळायला गेले तेव्हा तिने त्यांची नोंदवही उघडली. बिघडलेल्या चाचण्यांच्या तारखा तिला पाठ होत्या. ती पानं उलटत गेली आणि तारखांपेक्षा भलतंच काही तिच्या नजरेस आलं. काकांचं अक्षर. दोन वर्षांपूर्वी मोहरीच्या दाण्यांसारखं बारीक, एका ओळीत चाललेलं. मागच्या वर्षी जरा टपोरं. आता एकेक अक्षर दोन ओळींत मावत नव्हतं, आणि ओळी पानाच्या कडेला उतरणीला लागल्या होत्या.

त्यानंतर तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. नमुन्याच्या मधोमध सुईने ओढलेली एक रेघ असते, ती जबड्यावरच्या खुणेशी जुळवायची असते. काका रेघेकडे बघतच नव्हते. नखाने चाचपत होते.

"काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. चहात साखर जास्त झाली."

"मग कमी पी."

ती वर गेली. टेबलाशी बसून राहिली. काकांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ज्या माणसाने तिला पहिल्या वर्षी, सगळे नमुने एकाच दिवशी तुटले तेव्हा, "अगं, तुटायलाच तर आणलेत" म्हणून हसवलं होतं, त्याच्याबद्दल सरांकडे जाऊन काय सांगायचं? आणि न सांगताही चालत होतं. सहावा आकडा होता ना. दोन ओळींच्या गणितात सगळं झाकलं जात होतं. तिने पेपर पुरा केला आणि पाठवून दिला.

आठवड्याने काकांनीच विषय काढला. पेपरात मशीनचा फोटो असला की ते तो पेपर आपला मानत. "वाचून दाखव की. माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्यांच्या खिशात होता. तिने वाचून दाखवलं, सोपं करून. काका डोळे मिटून ऐकत होते.

"पाच होते ना? सहावा कुठून आला?"

"तो... धातूला एका बाजूची आठवण जास्त राहते, काका. डाव्या बाजूची समजा."

"डाव्या बाजूची."

"हो."

"एकतीस वर्षं मी हे ॲल्युमिनियम ओढतोय. त्याने डावं-उजवं कधी केलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. कप टेबलाच्या कडेला अर्धा बाहेर राहिला. तिने हात पुढे करून तो आत सरकवला. सवयीने. गेले कित्येक दिवस ती हे करत होती, आणि ते तिला आत्ता, काकांच्या चेहऱ्याकडे बघताना कळलं. त्यांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. एकतीस वर्षांत त्यांनी सलग दोन दिवस रजा घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. संध्याकाळी ती पत्ता शोधत त्यांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हाताला पीठ लागलेलं. "तू आकडेबाई ना? ये. तुझ्याबद्दल इतकं ऐकलंय की तू रस्त्यात भेटली असतीस तरी ओळखलं असतं."

घर लहान आणि लख्ख होतं. शेगडीच्या प्रत्येक बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. दिव्याच्या बटणांवर पांढऱ्या पट्ट्या. पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी. काकूंनी तिची नजर कुठे जातेय ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दीड वर्ष झालं. मी म्हणते डॉक्टरकडे चला, तर म्हणतात, डॉक्टर काय, दिसत नाही एवढंच सांगणार, ते मला माहितेय. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली मला. मीही मूर्ख, नेलपॉलिश लावत बसले."

"सगळं ऐकू येतंय," आतून काका म्हणाले. "डोळे गेलेत, कान नाही."

ते खिडकीशी बसले होते. ती समोर स्टुलावर बसली.

"काका, मी कुणाला सांगितलं नाही."

"तेच तर." त्यांनी तोंड तिच्याकडे वळवलं. "मला राग कशाचा आला सांगू? तू मला नुसती बोलली असतीस तर बरं होतं. पण तू माझा दोष उचललास आणि त्या बिचाऱ्या धातूच्या माथी मारलास. आता कुणीतरी कुठेतरी तो पेपर वाचेल, तुझा सहावा आकडा धरून काही बनवेल. अगं, मी चुकलो तर तो माझा प्रश्न आहे. ॲल्युमिनियमने काय घोडं मारलंय?"

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. पदर नव्हता, रुमाल नव्हता. काकूंनी आपला पिठाचा हात पुसत तिला टॉवेलच दिला.

"मला वाटलं, तुम्हाला काढून टाकतील," ती म्हणाली.

"टाकतील तर टाकतील. पण खोटा आलेख माझ्या मशीनवरून गेला नव्हता आजवर." मग हळू आवाजात: "भीती मलाही तीच वाटली होती, पोरी. म्हणून तर गप्प राहिलो. तू नि मी एकाच माळेचे मणी."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून सरांकडे गेले. बोलले काकाच, उभ्यानेच, एका दमात. सरांनी ऐकून घेतलं. आधी ते पेपरावरून चिडले. शेवटी म्हणाले, "सहावा आकडा मीच सुचवला. तो का लागतोय हे आधी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण आलेख फार सुरेख आला होता." त्यांनी त्याच दिवशी पेपर मागे घेतल्याचं पत्र लिहिलं आणि खाली स्वतःची सही आधी केली. काकांना म्हणाले, "चाचण्या पुन्हा करायच्या. ही नमुने बसवेल. कसे बसवायचे ते तुम्ही शिकवायचं. आणि आधी डोळ्यांचा डॉक्टर."

डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नव्हती. उरलेली सांभाळता येणार होती, रोज तीनदा थेंब घालून. काकूंनी डॉक्टरसमोर काकांना "आता तरी ऐका" एवढंच म्हटलं आणि घरी येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. दुपारी तीनच्या थेंबांचं काम प्रयोगशाळेत आकडेबाईकडे आलं. काका लहान मुलासारखी मान वळवायचे.

"हलू नका."

"हलत नाही. तूच हलतेस."

शिकवणं सोपं नव्हतं. तिला वाटलं होतं रेघ खुणेशी जुळवली की झालं. पहिले चार नमुने तिरके बसले. काका शेजारी उभे राहून नमुन्याला दोन बोटं लावायचे आणि मान हलवायचे. "वरचा जबडा आवळतेस तेव्हा पट्टी फिरते. तुला दिसत नाही, मला बोटांना लागतं. माझे दोन्ही हात जबडे आवळण्यात गुंतायचे तेव्हा तेही लागत नव्हतं. आधी नुसती लटकू दे. दम खाऊ दे तिला. मग खालचा." पाचवा बसला. दोन्ही कडांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे आले, तेव्हा तिने आनंदाने काकांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चहा सांडला.

अठरा चाचण्या झाल्या. सोळांमध्ये सहाव्या आकड्याची किंमत शून्यावर आली. पाहुणा आल्या वाटेने निघून गेला. उरलेल्या दोन मात्र काही केल्या जुळेनात. तिचा जीव खाली-वर झाला. काकांनी ते दोन्ही तुकडे हातात घेतले, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यांचा पोत वेगळाय. या पट्ट्या आडव्या कापल्यात." तिने कारखान्याचा कागद काढून पाहिला. खरंच, त्या दोन पट्ट्या पत्र्याच्या लांबीत न कापता रुंदीत कापल्या गेल्या होत्या, आणि लाटताना ज्या दिशेला पत्रा लांबतो त्या दिशेचा फरक धातूत खरोखरच राहतो. मग त्या दोनांसारखेच आणखी बारा नमुने मुद्दाम आडवे कापले गेले आणि प्रबंधात एक नवं प्रकरण आलं. तारीख पाच महिन्यांनी पुढे गेली. सरांनी कुरकुर केली, पण ते प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं.

काकांना कुणी काढलं नाही. मशीन नव्या माणसाकडे गेलं आणि काका नव्या विद्यार्थ्यांना नमुना धरायला शिकवू लागले. एकदा तिने बघितलं, सगळे गेल्यावर ते मशीनच्या खांबावर हात ठेवून उभे होते. ती आल्यापावली परतली.

प्रबंध जमा झाला त्या दुपारी काकू प्रयोगशाळेत आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. पर्स छातीशी धरून त्या मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ही होय माझी सवत," त्या म्हणाल्या. "दिसायला काही खास नाही."

"बटण दाबायचंय?" काकांनी विचारलं.

आकडेबाईने एक जुना नमुना जबड्यात बसवला, काकांनी दोन बोटं लावून मान डोलावली, काकूंनी डोळे घट्ट मिटून हिरवं बटण दाबलं. पट्टी ताणली, मध्ये बारीक होत गेली, आणि फाट्‌कन तुटली. काकूंनी किंचाळून नवऱ्याचा दंड धरला. मग एक डोळा उघडून त्यांनी दोन तुकड्यांकडे पाहिलं.

"झालं?"

"झालं."

"आणि एवढ्यासाठी एकतीस वर्षं पहाटे उठून डबा बांधला मी?"

काका इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आकडेबाई घाईघाईने थेंबांची बाटली शोधू लागली, कारण तीन वाजून गेले होते.