बस्त्यात आलेली गाडी

जालन्याच्या आरटीओ कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, वंदनाचं टेबल होतं. घडीचं लोखंडी टेबल, दोन खुर्च्या आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवलेली फॉर्मांची चवड. बारावीच्या पुढं तिला कुणी शिकवलं नव्हतं. लोकांचे फॉर्म भरता भरता ती गाड्यांचा कायदा शिकली, आणि शिकली ती अशी शिकली की भोकरदन तालुक्यातला माणूस जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी तिच्याकडं यायचा. निदान यायला पाहिजे होता. बहुतेक जण गाडी घेऊन मग यायचे.

"बैल घेताना दात बघता," ती त्यांना म्हणायची, "गाडी घेताना मात्र निस्ता आरसा बघता. त्यात आपलं तोंड दिसलं की झाला सौदा."

तिचं तोंड असं होतं. पण ज्याला ती बोलायची, तोच पुढच्या महिन्यात मेव्हण्याला घेऊन यायचा. कारण ती खरं सांगायची, आणि दलाल लोक ते कधी सांगत नाहीत. दिल्लीची गाडी स्वस्त मिळते, कारण जुन्या डिझेल गाडीला तिथं रस्ता राहिलेला नाही. ज्याला घरातला कचरा बाहेर टाकायचा आहे, तो भाव कमीच सांगणार. ती गाडी इथं आणून आपल्या नावावर करायची तर दिल्लीच्या कचेरीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्या पत्रावर गाडी कुठल्या कचेरीत जाणार हे लिहिलेलं असतं. तिथंच जावं लागतं. इथला टॅक्स निराळा भरावा लागतो. तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर मोजतात. तुम्ही कितीला घेतली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर अपघाताच्या दिवशी तो विमा तुमचा नसतो. आणि कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन चार दलालांच्या हातांतून फिरलेली गाडी कायद्यानं अजून पहिल्याच माणसाची असते. मधले चौघं पैसे काढून मोकळे झालेले असतात, टॅक्स कुणीच भरलेला नसतो. शेवटच्या माणसाच्या गळ्यात सगळ्यांचं पाप येतं, आणि हा शेवटचा माणूस दर वेळी आपल्याकडचा निघतो.

हे ती वर्षाला पाचपन्नास जणांना सांगत होती. तिच्या बापानं तिला एकदाही विचारलं नाही.

तिचा बाप कडूबा केदारखेड्याचा. जमीन बऱ्यापैकी, विहिरीला पाणी, आणि त्या साली पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात त्याच्या मिरचीला असा भाव लागला की चार महिने तो दुसरं काही बोलत नव्हता. डिसेंबरात पुतणीचं, शिवकन्याचं लग्न ठरलं, एप्रिलमधलं. बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे सगळे कपडे एकाच दुकानातून घ्यायला, घरची मंडळी जुन्या जालन्यात बद्रीनारायणशेठकडं गेली. तिथंच जायची. कडूबाच्या आज्याचा बस्ता बद्रीशेठच्या बापानं बांधला होता. त्या दुकानात या घराण्यानं कधी घासाघीस केली नाही, कधी पावती मागितली नाही. लुगडं फाटकं निघालं तर दुकान तोंड वाकडं न करता बदलून द्यायचं. कागद असा दोघांमध्ये कधी आलाच नव्हता.

मंडळी बस्त्याला जाऊन आली जीपनं, आणि दुसऱ्या दिवशी कडूबा जालन्याहून आला स्वतःच्या गाडीतून. पांढरी, उंच, सात माणसांची. बद्रीशेठचा नातू मयंक दोन वर्षांपासून दिल्लीच्या गाड्या आणून विकायचा. बस्त्याच्या दिवशी दुकानाच्या दाराशी ती उभी होती, कडूबानं पाहिली, आणि रात्र उलटताच मिरचीचे पैसे नेऊन दिले. शेठनं स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला, नारळ दिला, आणि गाडीचे कागद लाल फडक्यात गुंडाळून वर हळदकुंकू लावून गाठ मारून दिली. बस्त्याच्या पहिल्या गठ्ठ्याला मारतात तशीच.

ही गाठ या घरात दुकानदारासमोर सोडत नाहीत. सोडली तर त्याच्या मालावर शंका घेतली असं होतं. ती देव्हाऱ्यासमोर ठेवायची आणि हळदीच्या दिवशी घरच्या बायकांनी सोडायची. कपड्यांना हा नियम ठीक होता. कपड्याला नंबर नसतो.

वंदना संक्रांतीला माहेरी गेली तेव्हा तिला गाडी दिसली. दारात उभी, दिल्लीच्या नंबरची, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक.

"आप्पा, कागद कुठंयत?"

"देवापाशी."

"दाखवा बरं."

"बस्त्याची गाठ हाय ती. लग्नाच्या आधी सुटत न्हाई." कडूबा गाडीची काच पुसत होता, तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही. "बद्रीशेठनं मारली. त्याच्यात काय बघती तू?"

सगुणाबाई, तिची आई, चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊ दे बाई. कवा न्हाई ते खुश हाय माणूस."

आणि वंदना गप्प बसली. परक्या माणसाला टेबलाच्या पलीकडून शिव्या घालणारी बाई बापाच्या ओसरीवर तीळगूळ खात बसली, त्या गाडीतून रेणुकामातेच्या दर्शनाला जाऊन आली, आणि येताना मागच्या सीटवर मनातल्या मनात हिशेब करत राहिली. दुसऱ्या राज्याची गाडी इथं बारा महिने चालते. तेवढ्यात नावावर करू. एप्रिलला गाठ सुटंल. मंग बघू. तिच्या टेबलावर येणारा प्रत्येक माणूस हेच शब्द बोलायचा, मंग बघू, आणि तो शब्द ऐकला की ती पेन खाली ठेवायची. त्या दिवशी तो शब्द तिनं स्वतःला ऐकवला.

हळदीच्या दिवशी गाठ सुटली. साड्यांचं कौतुक झालं, आणि लाल फडकं वंदनानं उचलून माळवदावर नेलं. फॉर्मवर दिल्लीच्या कुणा माणसाची सही, विकत घेणाऱ्याचं नाव कोरं. विमा संपून दीड महिना झालेला. त्या गाडीतूनच नवरीला मांडवात न्यायचं ठरलं होतं. ना-हरकत पत्र होतं, शिक्का होता, सही होती, सगळं खरं होतं. फक्त ते जयपूरच्या कचेरीच्या नावानं होतं.

तिनं ते तीनदा वाचलं. मग खाली आली आणि म्हणाली, "ही गाडी लग्नाला न्यायची न्हाई." कडूबा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, पण गाडी दारातून हलली नाही. नवरी भाड्याच्या गाडीतून गेली.

पुढच्या सोमवारी दोघं गाडी घेऊन जुन्या जालन्यात गेले. वंदनानं निघण्याआधी एक दिवसाचा नाही, पुऱ्या वर्षाचा विमा उतरवायला लावला होता, आणि कडूबा वाटभर त्याबद्दल फुणफुणत होता. राजूर ओलांडल्यावर मात्र तो म्हणाला, "शेठपुढं आवाज चढवू नको."

दुकानात गादीवर बद्रीनारायणशेठ बसले होते. ऐंशीच्या घरातले, डोळ्यांना जाड भिंग. मयंक काउंटरमागं मोबाईल बघत होता.

"या पाटील, या. लग्न कसं झालं?"

"झालं शेठ. बराबर झालं." कडूबा गादीच्या कडेला टेकला.

वंदनानं पत्र पुढं केलं. "हे जयपूरचं आहे."

मयंकनं ते पाहिलं आणि हसला. "हां ताई, ती गाडी पहिले आमच्या मामांकडं जयपूरला जाणार होती. मंग मी इकडं आणली. टेन्शन नाही. जयपूरला आपला माणूस आहे, भाड्याचा करारनामा बनवतो, काकांचा पत्ता तिथला दाखवू, तिथं पासिंग करून घेऊ. मंग जालना. किंवा काहीच करू नका. केदारखेड्यात कोण पकडून राह्यलं?"

"आन तो खोटा करारनामा लावून इथली फाईल कोण भरणार?"

"तुमचं नाव कुठंच येणार नाही, ताई. इकडं आल्यावर फाईल फक्त तुमच्या टेबलावरून जाईल. तुमचा हात लागला की कुणी विचारत नाही."

कडूबानं मान वर केली. "हां," तो हळूच म्हणाला, "तू तिथंच बसती. तुझी वळख हाय. करून टाक पोरी."

आपला बाप आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाबद्दल बोलला, आणि बोलला तो हे बोलला. वंदनाला रडू आलं नाही. राग आला, आणि राग आला की तिला नीट सुचायचं.

"न्हाई आप्पा. माझ्या टेबलावरून न्हाई जायचं. तुमचं न्हाई, कुणाचंच न्हाई. लोक माझ्याकडं वळखीसाठी येत न्हाईत. मी भरलेला कागद खरा असतो म्हणून येतात. एकदा खोटा निघाला की त्या टेबलावर मी भजे तळू का?"

मयंक म्हणाला, "ताई, तुम्ही फारच सीरियस घेऊन राह्यल्या."

"तू गप बस," बद्रीशेठ म्हणाले. मग वंदनाकडं वळले. "बेटी, साठ वर्षांत तुमच्या घरानं माझ्या जबानीवर शक नाही केला."

"मी पण न्हाई करून राह्यले, शेठ. तुमची जबान जालन्यात चालती. भोकरदनला चालती. पण गाडी दिल्लीची हाय, तिला तुमची जबान ठाऊक न्हाई. उद्या हिच्याखाली कुणी आलं तर पोलीस दिल्लीतल्या कुण्या माणसाचं दार वाजवतील, आन तो म्हणंल मी तर कधीच विकली. मंग शोधत शोधत आमच्या दारात येतील. तुमच्या न्हाई."

बाहेर गल्लीत एका रिक्षानं हातगाडी अडवली होती आणि दोघंही हटत नव्हते.

"एक विचारू का शेठ? बस्त्यातलं लुगडं फाटकं निघालं तर तुम्ही काय करता?"

"बदलून देतो. विचारायचं काम नाही."

"गाठ तुमच्याच हातची होती."

शेठनी चष्मा काढला आणि धोतरानं पुसला. "मयंक, ह्या कागदाचं काय करावं लागतं, बरोबर बोल."

मयंकला माहीत नव्हतं. दोन वर्षं गाड्या विकणाऱ्या पोराला माहीत नव्हतं. वंदनानं सांगितलं: ही गाडी आमच्याकडं नोंदली नाही असं जयपूरच्या कचेरीनं लिहून द्यायचं, ते घेऊन दिल्लीच्या मालकानं जुनं पत्र रद्द करायचा अर्ज द्यायचा, मग जालन्याच्या नावानं नवं पत्र. मालक सापडला पाहिजे. सापडला तरी त्यानं सही दिली पाहिजे.

"हा जाईल," शेठ म्हणाले. "आधी जयपूर, मंग दिल्ली. स्वतः. दीड महिन्यात झालं तर गाडी तुमची, वरचा खर्चा दुकानाचा. नाही झालं तर पाटलांचे पैसे परत. गाडी तोपर्यंत इथं राहील."

कडूबा उठला. "बास शेठ. तुमचा शबूद झाला. चल गं."

"आप्पा, बसा," वंदना म्हणाली. "शेठ, हे लिहून द्या."

दुकानातला कापड मोजणारा माणूस थांबला. कडूबाचं तोंड उतरलं. "वंदे," तो म्हणाला, "लाज आणू नको." शेठनी हात वर करून त्याला थांबवलं, पण त्यांनाही ते लागलं होतं, कागद त्यांनी तिच्याकडं न बघता ओढला.

वंदनानं सांगितलं तसं त्यांनी लिहिलं. गाडीचा नंबर. मग ती उठून बाहेर गेली, गाडीच्या पुढच्या भागात खाली वाकून चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरावर कागद धरला, वरून पेन्सिल घासून ठसा काढला आणि आत येऊन तो कागदाला जोडला. दीड महिन्याची मुदत. पैशांची गोष्ट. तारीख.

"वेळ पण लिहा," ती म्हणाली. "दुपारचे तीन. तीन वाजल्यापासून ही गाडी तुमच्या ताब्यात. त्याच्यानंतर ती कुठं धडकली तर आतला माणूस आमचा नव्हता."

शेठनी वेळ लिहिली. सही केली. मग, वंदनानं न सांगता, कागद मयंकपुढं सरकवला. "तू पण कर. वाचून कर."

एसटीत दोघांना शेजारी जागा मिळाली. कडूबाच्या मांडीवर ते लाल फडकं होतं, त्यात आता एकच कागद. गाव विचारील गाडी कुठंय, आणि आपण काय सांगू, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. वंदनाला वाटलं, घरापर्यंत हा बोलत नाही.

राजूरच्या अलीकडं तो म्हणाला, "संक्रातीला तू इचारलं व्हतं कागदाचं."

"हां."

"तवाच कळलं व्हतं तुला?"

"वाटलं व्हतं. पाहिलं नव्हतं."

"मंग गाठ का न्हाई सोडली?"

"तुम्ही सोडू दिली असती?"

त्यानं विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "न्हाई," तो म्हणाला. "शिव्या घातल्या असत्या." खिडकीतून कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मागं जात होत्या. "पण तू बोलायची व्हतीस. मी आयकलं नसतं ते माझं. तू न्हाई बोललीस ते तुझं."

पाच वर्षांत त्या कडुनिंबाखाली तिला कुणी असं बोललं नव्हतं, आणि बोलला तो असा माणूस, ज्यानं आयुष्यात एकही फॉर्म पुरता वाचला नव्हता.

कडूबानं फडकं सोडलं. कागद काढला, लांब धरला, मग आणखी लांब धरला. आणि दुसरी पास झालेला तो म्हातारा, हलत्या बसमध्ये, बोट फिरवत, एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागला. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. त्यानं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. नंबर वाचला, तारीख वाचली. पेन्सिलीच्या ठशाशी आला आणि थांबला.

"हे काय लिव्हलंय? लांब धरलं तरी दिसना."

"चासीचा नंबर हाय आप्पा. आकडे आन अक्षरं मिळून सतरा."

"सांग मला. एक एक सांग."

ती सांगू लागली.