लायमनची वरात

त्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक होती आणि आमच्या गावात चांदी आणि सोनं सोडून दुसरा विषय नव्हता. माझा नवरा ऑरिन लोहार, चांदीवाला. चांदीची हवी तेवढी नाणी पाडा, गरिबाच्या हातात पैसा खेळू दे, असं त्याचं म्हणणं. माझा धाकटा भाऊ लायमन बँकेत रोखपाल, सोनेवाला. सोनं पाठीशी नसेल तर तो पैसा कसला, असं त्याचं. जुलैत माझ्याच टेबलावर दोघं हमरीतुमरीवर आले. लायमन भरल्या ताटावरून उठला, तो पुन्हा उंबरा चढला नाही. दर रविवारी मी त्याची ताटली मांडायची आणि तशीच उचलून ठेवायची. मला रडू यायचं. आम्हा बायकांना मताचा हक्क नव्हता, त्यामुळे आमचं म्हणणं कुणी विचारलंही नाही.

दोघांचं बोलणंच बंद. तरी लोकांकरवी पैज लावलीच: हरेल त्यानं जिंकेल त्याला एकचाकी ढकलगाडीत बसवून कोर्टाच्या इमारतीला तीन फेऱ्या मारायच्या. नोव्हेंबरात मतं मोजली आणि सोनं जिंकलं.

शनिवारी लायमन कोटाला पिवळी शेवंती खोचून गाडीत बसला. गाव गोळा झालेलं.

"काय लोहारबुवा, सोनं जड लागतंय का?" कुणीतरी ओरडलं.

"सोनं कसलं, ढेरी जड आहे!" ऑरिन म्हणाला.

पहिल्याच फेरीत ऑरिनचा गुडघा बोलायला लागला. घोड्यानं लाथ मारलेला तो.

"लायमन, बास झालं. उतर," मी म्हणाले.

"त्याला सांग, सोनंच खरं म्हण. मग उतरतो."

"त्याला सांग, मेलो तरी म्हणणार नाही."

माझं डोकं सणकलं. ऑरिनला बाजूला सारून मी गाडीच्या मुठी धरल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या. कोपरा आला, पण मी वळले नाही. सरळ घराची वाट धरली.

"अगं अल्मीरा, इकडे! फेरी कोर्टाला मारायची!" लायमन गाडीतून ओरडला.

"पैज तुमची. मी कुठे लावली होती?"

"थांबव! लोक बघताहेत."

"बघू देत. लाज वाटत असेल तर मार उडी."

उडी काही त्यानं मारली नाही. ऑरिन लंगडत मागून येत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी गाडी टेकवून मी आत गेले आणि तीन ताटल्या मांडल्या. मग लायमन शेवंती खिशात घालून आत आला आणि आपल्या जागेवर बसला. ऑरिन समोर.

"बटाटे सरकव इकडे," लायमन म्हणाला. मला नाही, ऑरिनला.