पतीला दुकानात मदत

आमच्या डोणगावात बायोडाटा म्हटला की तो लग्नाचाच. त्यामुळे प्रेरणा मोबाईल घेऊन बसली आणि "आई, चाल, तुझा बायोडाटा बनवू," म्हणाली तेव्हा मी सवयीने बोलून गेले, "वर गणपती टाक." पोरगी पोट धरून हसली.

"आई, तुले नवरा नाही पाह्यचा, नोकरी पाह्यची आहे!"

नवरा होताच. समोरच्या बाजेवर मोबाईल पाहत पडले होते.

रस्ता रुंद झाला आणि आमचं 'जीवन कृषी केंद्र' त्यात गेलं. अकरा वर्षांचं दुकान. मग मेहकरच्या एका शेतकरी कंपनीने बी-बियाणं आणि औषधांचं विक्री केंद्र काढलं, त्यांना केंद्रप्रमुख हवा होता. जाहिरात प्रेरणानेच दाखवली. सांगून टाकते, मला ती नोकरी हवी होती, जीव तुटेल इतकी हवी होती. दुकान गेल्यापासून सकाळी नऊ वाजले की पाय आपोआप चपलेकडे जायचे आणि उंबऱ्यातून परत यायचे.

प्रेरणा बुलढाण्याला कॉलेजात शिकते. तिथे त्यांना अर्ज कसा लिहायचा तेही शिकवतात म्हणे. "'मदत केली', 'हातभार लावला' असं काही लिहायचं नाही," ती म्हणाली. "तू काय केलं ते लिहायचं. वाक्यात तू दिसली पाह्यजे."

वाक्यात दिसायची मला सवय कुठे होती! कृषी पदविका ह्यांची, म्हणून परवाना ह्यांच्या नावाचा, पाटी ह्यांच्या नावाची. दिवसभर गल्ल्यावर मात्र मी. हे मार्केट कमिटीच्या निवडणुकीत, नाहीतर कुणाची सोयरीक जुळवण्यात. गोड माणूस, सगळ्या गावाला हवाहवासा, फक्त दुकानात सापडायचा नाही. शेतकरी कीड लागलेलं पान घेऊन यायचा. मी "हे फवारा" म्हटलं की तो माझ्यामागे कुणी पुरुष दिसतो का ते बघायचा. शेवटी मी युक्ती काढली. "हे म्हणत होते, हे औषध फवारा," असं म्हणायचं. लगेच पटायचं. एकदा हे दुकानात असताना पंजाबराव नावाचे एक शेतकरी सगळ्यांसमोर म्हणाले, "जीवनभाऊचा सल्ला म्हणजे सल्ला!" त्या सल्ल्याच्या दिवशी हे खामगावला वरातीत नाचत होते. तरी यांनी मान डोलावली. घरी येऊन आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

प्रेरणाने मला खोदून खोदून विचारलं आणि लिहिलं : 'अकरा वर्षे कृषी केंद्र चालवले. खरेदी, साठा व हिशेब सांभाळला. शेतकऱ्यांना बियाणे व फवारणीबाबत सल्ला दिला.' खाली 'आवड : भजन गाणे.' मी ते वाचलं, परत वाचलं. ही कोण बाई, असं वाटलं. आवडलीही मला ती.

यांनीही वाचलं. "झकास," म्हणाले. "मंग मी काय करत होतो तिथं? खुर्ची झाडत होतो?"

हसतच म्हणाले. पण त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. दुकान पाडलं त्या दिवशीसुद्धा हा माणूस पोटभर जेवला होता. माझ्याने ते पाहवलं नाही.

मी प्रेरणाला बाजूला घेतलं. "ते बदल."

"काऊन? खोटं आहे का त्याच्यात काही?"

"खोटं नाही. पण त्यायचं नाव कुठंच नाही."

"आई, बायोडाटा तुझा आहे!"

"मी सांगते तसं लिही. 'पतीला दुकानात मदत.' बस."

तिने दात-ओठ खात टाइप केलं. पहिला मात्र पुसला नाही, मोबाईलमध्ये तसाच ठेवला.

मुलाखतीला यांनीच मोटारसायकलवर नेलं, आणि बाहेर ऊन आहे म्हणून आतही माझ्या शेजारी येऊन बसले. आमच्याकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मुलाखत घेणाऱ्या धम्मशीला मॅडमनी माझा कागद वाचला. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, मदत म्हणजे नेमकं काय काय करत होत्या तुम्ही?"

दार उघडूनच दिलं होतं त्या बाईने. उत्तर जिभेवर होतं. मी यांच्याकडे बघितलं. हे मांडीवरच्या हेल्मेटकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून तेच आलं जे इतकी वर्षं येत होतं. "हे सांगायचे, तसं मी करायची."

मॅडम थोडा वेळ थांबल्या. मी अजून काही बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. ते थांबणं मला अजून छळतं. मग त्या यांच्याकडे वळल्या. "सर, मग अर्ज तुम्हीच का नाही केला? पदविका आहे, अनुभव आहे."

एक वाक्य पुरलं असतं. 'मॅडम, दुकान हिनंच चालवलं.' यांनी हेल्मेटचा पट्टा दोनदा लावला, दोनदा काढला आणि म्हणाले, "करतो ना. मले काही हरकत नाही."

येताना मेहकरात जिलबी घेतली. "नोकरी घरातच आली ना," हे म्हणाले. मी जिलबी खाल्ली, आणि गोड लागली. राग दुसऱ्या दिवशी आला. थोडा यांचा, बाकी सगळा माझा मला.

आता रोज अकराच्या सुमारास फोन येतो. "अवं, एक जण पान घेऊन आला, पिवळं पडून राह्यलं. काय देऊ?" मी हातातलं काम ठेवते, चार गोष्टी विचारते, औषध सांगते. फोन चालूच असतो, त्यामुळे पुढचं ऐकू येतं. हे त्या शेतकऱ्याला ठणकावून सांगतात, "हे फवारा." 'ही म्हणत होती', असं अजून एकदाही ऐकलं नाही.

मागच्या आठवड्यात ऑफिसने फाइलला लावायला यांचा बायोडाटा मागितला. प्रेरणा सुटीला आलेली होती.

"आईचा पह्यला आहे ना तुह्याजवळ? तोच दे. नाव अन् फोटो बदल."

"बाबा, ते आईचं आहे."

"घर एकच आहे ना पोरी."

प्रेरणाने माझ्याकडे बघितलं. मॅडमसारखीच थांबली. मी भाकरी थापत होते. पोरीसमोर तरी बोलायला हवं होतं. मी भाकरी उलटली आणि म्हणाले, "दे बदलून."

ती नाव, फोटो बदलत गेली. हे तिच्या खांद्यावरून वाचत होते. "दुकान चालवलं, बरोबर. हिशेब, बरोबर. सल्ला, बरोबर." मग अडखळले.

"भजन? हे काढ, हे माह्यं नाही."

प्रेरणाने तेवढी ओळ काढली. सगळ्या बायोडाटात तेवढंच काय ते माझं निघालं.