चुकांच्या मापाची टाकी

पन्नाशी उलटली, केसांत रुपेरी तार आली, गल्लीच्या कोपऱ्यावर स्वतःचं शिवणकामाचं दुकान उभं राहिलं, तरी ती सगळ्यांची छोटीच राहिली. हे नाव दादानं ठेवलं होतं, आणि दादानं ठेवलेली वस्तू त्या घरात कुणी जागची हलवत नसे.

दादाचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पण त्याचा जीव होता तो रिमोटवर उडणाऱ्या, दोन-चार हात लांबीच्या विमानांत. गावाबाहेरच्या मैदानावर त्याला सगळे कॅप्टन म्हणत. खऱ्या विमानात तो एकदाच बसला होता, तोही खिडकीशी, डोळे घट्ट मिटून. पण ते मैदानावर कुणाला सांगायचं कारण नव्हतं. छोटी त्याच्याबरोबर जाऊन पंख्याची छोटी विमानं उडवायला शिकली, आणि मग दोन हिवाळे खपून तिनं दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतःचं जेट बांधलं. शिवायला आलेल्या झग्यांच्या रांगेत त्याचे पंख टांगलेले असत. आता दोनच गोष्टी ठरायच्या होत्या, इंजीन केवढं आणि टाकी केवढी.

एका संध्याकाळी दादा आणि वहिनी दुकानात आले. दादानं कापड बेतायच्या टेबलावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि एखाद्या जादूगारासारखा टॉवेल ओढला. आत पाण्याच्या बाटलीएवढं, चकचकीत टर्बाइन होतं. ही इंजिनं रॉकेलवर चालतात, आणि किती किलोचा रेटा देतात त्यावरून त्यांना ओळखतात.

"चौदा किलोचं," दादा म्हणाला. "माझ्या जुन्या विमानातलं. तुला दिलं."

छोटीनं ते हातात घेतलं, वजन अजमावलं आणि अलगद परत ठेवलं. "दादा, माझ्या आराखड्यात आठ किलोचं सांगितलंय."

"आराखडा काढणारा भित्रा असेल. जोर जास्त असला म्हणून काही बिघडतं का?"

"बिघडतं ना. हे अगदी मंद ठेवलं तरी विमानाला पुढे रेटतच राहणार. विमान म्हणणार खाली बसू, हे म्हणणार चल पुढे. आपली धावपट्टी केवढीशी, आणि पलीकडे नाला."

"ब्रेक कशाला दिलेत?"

"शिवाय हे जड. शेपूट खाली जाणार. ते तोलायला नाकात शिसं भरा. म्हणजे शिसं उडवायला मी दोन वर्षं घालवली का?"

वहिनी खुर्चीत बसून बटणांच्या डब्यात बोटं घालत होत्या. "वन्सं, यांचं असंच असतं. चपला आणतात त्याही एक माप मोठ्या. म्हणे, असू दे, पाय वाढतील. या वयात!"

दादानं तिकडे लक्ष दिलं नाही. "बरं, टाकी तरी दीड लिटरची घाल. सात मिनिटं उडायचं आणि उतरायचं. जास्तीचं इंधन म्हणजे ओझं."

"अडीच लिटरची घालणार आहे."

"अडीच? समुद्र ओलांडायचाय की काय?"

"सात मिनिटं उडायला दीड पुरतं. वरचं लिटर चुकण्यासाठी. पहिल्यांदाच जेट उतरवणार आहे मी. पहिल्या खेपेला जमेल, न जमेल. दुसऱ्या खेपेलाही न जमेल."

"मी शेजारी उभा असताना तू चुकशीलच कशी?"

नेमकं इथेच तर घोडं पेंड खात होतं. लहानपणी तिला सायकल शिकवताना दादानं सीट इतके दिवस घट्ट धरून ठेवली होती, की ती शिकली ते दादा तापानं अंथरुणाला खिळला त्या आठवड्यात. दोन्ही गुडघे फोडून घेतले, पण शिकली.

"कपड्याच्या शिवणीत आम्ही जास्तीच्या कापडाची थोडी माया ठेवतो," ती हळू आवाजात म्हणाली. "घालणारा जाड होईल म्हणूनच नव्हे. बेतणाऱ्याचा हात चुकेल म्हणूनही."

दादाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यानं टर्बाइन पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. "ठीक. इंजीन तुझं, टाकी तुझी, मग शेजारी उभं राहणारा माणूसही तुझा तूच शोध."

ही धमकी पोकळ नव्हती. मैदानाचा नियम असा, की पहिल्या जेटच्या वेळी शेजारी जेट उडवलेला माणूस उभा हवा. आणि तसा माणूस मैदानावर एकच होता.

छोटीनं आठ किलोचंच इंजीन मागवलं. टाकी अडीच लिटरचीच बसवली, तीही बरोबर पंखांच्या मध्यावर, म्हणजे इंधन संपत गेलं तरी तोल ढळू नये. आणि रविवारी ती विमान घेऊन मैदानावर गेली.

उडवायला बंदी होती, चालवायला नव्हती. ती विमान जोडी, टाकी काठोकाठ भरी, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवी. मग इंजीन सुरू करून विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत नेई, वळवून परत आणी, बंद करी, उरलेलं इंधन काढून घेई, पुसून-आवरून घरी जाई. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. एखादा नेम पाळावा तसं. दादा दूर आपल्या खुर्चीत पाठमोरा बसलेला असे.

"काय छोटी, विमान आहे की हातगाडी?" कुणीतरी ओरडे.

"सध्या हातगाडी," ती फडक्याची घडी घालत म्हणे.

मैदानाची देखरेख करणारे मास्तर भला माणूस. एकदा ते जवळ येऊन म्हणाले, "छोटीताई, कॅप्टनला एकदा हो म्हणून टाका. मान तुकवली म्हणून काही मोडत नाही."

"मोडत नाही मास्तर, पण तिला सवय लागते."

एका रविवारी मात्र पाठमोरी खुर्ची फिरली. दादा लांबूनच म्हणाला, "पुढचं चाक डावीकडे ओढतंय."

"दिसतंय मला. पुढच्या रविवारी सरळ चालेल."

पुढच्या रविवारी विमान रेघ आखल्यासारखं सरळ गेलं. दादा उठला, पँट झटकली आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "उगाच दर रविवारी रॉकेल जाळतेस. चल, उडव. उभा राहतो."

"एका अटीवर. फक्त वेळ सांगायची. किती मिनिटं झाली तेवढंच. दुसरा शब्द नाही."

"अगं बाई!" त्या दिवशी बरोबर आलेल्या वहिनी म्हणाल्या. "ही अट मला लग्नात का नाही सुचली?"

छोटी रिमोट तपासून घ्यायला मास्तरांकडे गेली. परत आली तर दादा विमानापाशी वाकलेला, हातात पंप, आणि शेजारच्या कॅनमध्ये रॉकेल. टाकी निम्म्याहून थोडी वर राहिली होती.

"थोडं कमी केलं," तो नजर चुकवत म्हणाला. "पहिल्या वेळी हलकं असलेलं बरं. तुझ्याच भल्यासाठी."

छोटीनं आवाज चढवला नाही. तिनं पंप त्याच्या हातातून घेतला, नळी लावली आणि टाकी पुन्हा काठापर्यंत भरली. सगळ्यांसमोर, सावकाश.

"दादा, इंजीन विमानाच्या मापाचं आहे आणि टाकी माझ्या चुकांच्या मापाची. दोन्हींना हात लावायचा नाही."

विमान उठलं तेव्हा तिला श्वास घ्यायचंही सुचलं नाही. आठ किलोचा रेटा त्याला पुरून उरत होता. ते मोठं वळण घेऊन उन्हात चकाकलं, आणि दादा घड्याळ धरून म्हणत राहिला, "दोन. तीन. चार."

"सात."

तिनं विमान उतरायला आणलं. फार उंचावरून आणलं. धावपट्टीवर आलं तरी ते अजून झाडाएवढ्या उंचीवर. तिनं वेग वाढवला. टर्बाइन काही हाक मारल्याबरोबर धावत येत नाही, आधी दम घेतं. तो एक क्षण तिला युगासारखा वाटला. मग ते गरजलं आणि विमान वर गेलं.

दादाच्या तोंडून काहीतरी निघता निघता राहिलं. त्यानं ओठ चावला. "आठ."

दुसऱ्या खेपेला वेग जास्त. चाकं टेकेनात, विमान तरंगत तरंगत नाल्याकडे निघालं. तिनं ते पुन्हा वर काढलं. मैदानावरच्या प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब चालू होता. दीड लिटरची टाकी असती तर ते आता कोरडं पडायच्या बेतात असतं.

"नऊ," दादा म्हणाला. आवाज फुटला होता, पण शब्द तेवढाच होता.

तिसऱ्या खेपेला तिनं लांबून, खालून आणलं. चाकं टेकली, एकदा उडी मारली, चाकाचं झाकण तुटून गवतात गेलं, आणि विमान धावत धावत नाल्याच्या पुष्कळ अलीकडे थांबलं. मग तिनं ते त्याच्याच पायांनी परत आणलं, हातगाडीसारखं.

वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मास्तर गवतातून झाकण शोधून घेऊन आले. दादा विमानापाशी बसला, नळी लावली आणि उरलेलं इंधन कॅनमध्ये काढलं. कॅन उचलून उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिला.

"उरलंय की गं," तो म्हणाला.

"उरावं म्हणूनच भरलं होतं."

त्यानं कॅनचं झाकण घट्ट बसवलं. "आता हात बसलाय तुझा. पुढच्या वेळी थोडं कमी—"

"पुढच्या वेळीही काठोकाठ," छोटी म्हणाली.

दादानं तिच्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. दोघींपैकी एकीकडेही दया दिसेना. तेव्हा तो उठला, आणि कॅन उचलून तिच्या गाडीकडे चालू लागला.