मधल्या ओट्याचं माप

थोरलीची खाट बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर होती. तिला उठवत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. स्वयंपाकघराच्या मधोमध, चारी बाजूंनी फिरता येईल असा ओटा हवा म्हणून तिने लग्नापासून नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. तेव्हा त्याला जागा अपुरी वाटायची. आता ती अंथरुणाला खिळली, तर त्याच चार भिंतींत ऐसपैस जागा निघाली होती.

सुताराने खडूने फरशीवर चौकोन आखला. "उंची स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कोपरावरून धरतात, साहेब. वहिनींना जरा उभं करता येईल?"

थोरलीने चादर सारली. भिंतीला धरून घटकाभर तिला जमलं असतं.

"तिला कशाला त्रास," नवरा म्हणाला. थोरलीची धाकटी बहीण तिची सेवा करायला येऊन राहिली होती, तिला त्याने हाक मारली. "तू ये गं."

सुताराने काही सांगायच्या आतच धाकटीने चपला काढल्या, पाठ ताठ केली नि कोपर दुमडलं. हे माप आधी घरातच घेऊन झालं होतं, आणि घेणारा नवरा आता टेपचं दुसरं टोक धरून साळसूदपणे उभा होता. बहिणीला बोलावून घ्या, हा हट्ट थोरलीचाच होता.

"छत्तीस इंच," सुताराने टिपून घेतलं.

नवरा फोन घ्यायला गॅलरीत गेला, धाकटी चहाचं आधण ठेवायला वळली. थोरलीने सुताराला खुणेने जवळ बोलावलं.

"भाऊ, एकतीस धरा. माझ्या मापाचा करा. यांना सांगू नका, फार हळवे आहेत."

त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थोरलीच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. उंचनिंच धाकटी त्या बुटक्या ओट्यावर जन्मभर वाकून भाजी चिरेल, कंबर धरून कण्हेल, आणि कण्हताना दर वेळी तिला ताई आठवेल. कितीतरी दिवसांनी थोरलीला भूक लागली.

संध्याकाळी धाकटी सूप भरवायला बसली. थोरलीने आपण होऊन तोंड उघडलं.

"ताई, सुताराला राहवलं नाही गं. जिन्यातच त्याने भावोजींना सगळं सांगून टाकलं. रडवेला झाला होता बिचारा. माप माझंच ठेवलंय हं." आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरलीला बरं वाटलं असतं.

तिने घोट गिळला. "काम कधी सुरू करताय?"

"घाई कुठे आहे? धुळीने तुला उगाच खोकला लागेल. भावोजी म्हणाले, तिचं एकदा आटोपू दे, मग हात घालू."

धाकटीने तिची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला.